लहळी आणि गंजी

राजाने आपल्या सैन्याला पाठविलेल्या पत्रात काय असेल, असे कोणी विचारले, तर लढाई, किल्ले, तोफा, शत्रूच्या हालचाली अशा गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रसिद्ध पत्रांपैकी एक पत्र मुख्यतः दाणा, गवत, चुली आणि दिवे यांच्याविषयी आहे. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. हे पत्र त्याच सुमाराचे आहे. चिपळूणच्या परिसरात मराठ्यांचे घोडदळ पावसाळ्याच्या छावणीसाठी राहिले होते. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून ते लिहिले आहे.

या पत्रात एक जुना शब्द आला आहे. तो शब्द म्हणजे ‘लहळी’. आज तो फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. पत्र वाचताना आपण त्या शब्दापाशी येतो आणि क्षणभर थांबतो. लहळी म्हणजे काय? ती वस्तू की जागा? आणि एका राजाने तिची इतकी काळजी का करावी?

प्रथम पत्राचा आशय पाहू. छावणीतील घोड्यांसाठी दाणा व गवत यांचा साठा करून ठेवलेला होता. हा साठा सगळा पावसाळा पुरवावयाचा आहे, म्हणून रोजच्या रोज मोजून बेताने खर्च करा, असे महाराज बजावतात. आज आहे म्हणून मनास येईल तसे उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील. मग शिपाई आसपासच्या गावांत शिरतील. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी आणील. असे झाले म्हणजे गरीब रयत घर सोडून जाईल आणि तिला आपले शिपाई शत्रूहूनही वाईट वाटतील. जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, अशी त्यांची सक्त आज्ञा आहे.

यानंतर महाराज आगीकडे वळतात. कोणी शेकोट्या पेटवितात, कोणी भलत्याच जागी चुली मांडतात, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतात. भोवती गवत पडलेले आहे, वारा सुटलेला आहे, याचे भान कोणी ठेवीत नाही. रात्री दिवा तसाच जळत राहिला, तर एखादा उंदीर जळती वातच ओढून नेईल, इतका बारीक विचार त्यांनी केला आहे. एक ठिणगी पडली की सारे गवत आणि त्याच्या साऱ्या लहळ्या एकामागून एक जळून जातील, असा इशारा ते देतात. त्यानंतर कोणाला कितीही कठोर शिक्षा केली, तरी जळून गेलेले परत मिळणार नाही, हेही ते बजावून सांगतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शब्दकोश जवळ नसताना ‘लहळी’ या शब्दाचा अर्थ कसा शोधावा? त्यासाठी शब्दाचे शेजारी पाहावेत. माणसाची ओळख जशी त्याच्या सोबत्यांवरून पटते, तशी शब्दाची ओळख त्याच्या आजूबाजूच्या शब्दांवरून पटते. पत्रात हा शब्द गवताच्या संबंधाने आला आहे. लहळ्या गवताच्या आहेत. त्या एक नाही, अनेक आहेत. एक पेटली की दुसरी पेटते, म्हणजे त्या जवळजवळ उभ्या आहेत. आणि त्या जळाल्या तर घोड्यांच्या तोंडचा घास जातो, म्हणजे त्या पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. या चार खुणा एकत्र केल्या, की अर्थ आपोआप उलगडतो. गवत वाळवून, नीट रचून, साठवणीसाठी केलेला मोठा ढीग म्हणजे लहळी होय. पोळी-पोळ्या, मोळी-मोळ्या, तसेच लहळी-लहळ्या. शब्द स्त्रीलिंगी आहे, हेही त्याच्या रूपावरून कळते.

लहळी हा शब्द मागे पडला, तरी ती वस्तू मागे पडली नाही. तिच्यासाठी आज आपण बहुधा ‘गंजी’ हा शब्द वापरतो. गवताची गंजी, कडब्याची गंजी, पेंढ्याची गंजी असे आपण म्हणतो. गंजी रचतात, गंजी घालतात, गंजी लावतात. आणि उन्हाळ्यात तीच गंजी रोज थोडीथोडी उपसतात. विदर्भात सोयाबीनचे पीक वाढल्यापासून कापलेल्या सोयाबीनच्या ढिगालाही गंजी म्हणतात. नवे पीक आले, पण त्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. जुनाच शब्द त्याच्या उपयोगी पडला. जिवंत शब्दाचे हे एक लक्षण आहे.

गंजी या शब्दाचे नाते ‘गंज’ या शब्दाशी आहे. गंज म्हणजे रास, ढीग. फारसी भाषेत गंज म्हणजे खजिना. संस्कृतातही ‘गञ्ज’ हा शब्द कोठार, भांडार या अर्थांनी आढळतो. बाजारपेठेलाही गंज म्हणत. पुण्यातील ज्या पेठेत महात्मा जोतीराव फुले यांचे वास्तव्य होते, तिचे जुने नाव गंज पेठ असे होते. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. रास, कोठार, बाजार आणि खजिना हे अर्थ वरवर निराळे दिसतात. पण जेथे मोलाची वस्तू साठविलेली असते ते स्थान, हे सूत्र त्या सर्वांतून गेलेले आहे. राजाचा खजिना सोन्यानाण्याचा असतो. शेतकऱ्याचा खजिना त्याच्या खळ्याशेजारी उघड्या आभाळाखाली उभा असतो आणि त्याला कुलूप नसते.

महाराष्ट्रात ठिकठिकाणची पिके निराळी, पाऊस निराळा. म्हणून रचण्याची रीत निराळी आणि तिची नावेही निराळी. कोकणात कापलेल्या भाताचे भारे मळणीपूर्वी एकावर एक रचून ठेवतात, त्या ढिगाला उडवी म्हणतात. कणसांसह किंवा शेंगांसह कापलेले पीक मळणी होईपर्यंत रचून ठेवले, की त्याला पुष्कळ ठिकाणी सुडी म्हणतात. तुरीची सुडी, सोयाबीनची सुडी असे शब्दप्रयोग मराठवाड्यात नित्य ऐकू येतात. ज्वारीच्या पेंढ्यांचा ढीग उभट रचला की काही भागांत त्याला बुचाड म्हणतात. तोच ढीग लांबट, घराच्या आढ्यासारखा रचला की त्याला वळई हे नाव मिळते. एका गावचा शब्द दुसऱ्या गावी थोड्या निराळ्या अर्थानेही वापरलेला आढळतो. तेव्हा कोणता शब्द शुद्ध आणि कोणता अशुद्ध, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या मातीत जे पीक आणि जी रीत, त्या मातीत तो शब्द योग्य.

या शब्दांत एक सूक्ष्म भेद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुडी आणि उडवी यांत बहुधा धान्यही असते. ते माणसाचे अन्न असते. कडब्याच्या वा गवताच्या गंजीत धान्य नसते, ती जनावरांची वैरण असते. ज्वारीची कणसे खुडून घेतली की मागे उरतो तो कडबा. भात झोडून घेतले की मागे उरतो तो पेंढा. म्हणजे एकाच रोपाचा वरचा भाग माणसाचा आणि खालचा भाग गाईबैलांचा, अशी ही निसर्गाने करून दिलेली वाटणी आहे. शहाणा शेतकरी आपल्या वाट्याइतकीच काळजी त्यांच्या वाट्याची घेतो.

ही काळजी गंजीच्या रचनेत दिसून येते. दुरून पाहणाऱ्याला गंजी म्हणजे नुसता ढीग वाटतो. पण ढीग टाकतात, गंजी रचतात. प्रथम जागा निवडावी लागते. ती उंचवट्याची असावी आणि चुलीपासून व वस्तीपासून दूर असावी. जमिनीवर दगड, काट्याकुट्या किंवा जुनी लाकडे पसरून बैठक करतात. त्यामुळे खालची ओल वर चढत नाही आणि वाळवीलाही सहजासहजी वाट मिळत नाही. मग पेंढ्यांचे थर येतात. पेंढीचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत, असे थरावर थर घालतात. बुडखा जाड व टणक असतो, तो ऊन-पाऊस सोसतो. शेंड्याकडची पाने कोवळी असतात, ती आत सुरक्षित राहतात. मधला भाग सदैव थोडा उंच ठेवतात, म्हणजे प्रत्येक पेंढीचा उतार बाहेरच्या बाजूस होतो आणि पावसाचे पाणी आत न मुरता बाहेर गळून जाते. शेवटी वरचा भाग निमुळता करून त्यावर गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन घालतात आणि वाऱ्याने ते उडू नये म्हणून दोर किंवा दगड बांधून ठेवतात. भोवती लहानशी चर खणली, की पावसाचे वाहते पाणीही दूर राहते. अशी रचलेली गंजी म्हणजे भिंतीवाचून उभारलेले घरच होय. त्या घराचे छप्परही वैरणीचे आणि आतला ठेवाही वैरणीचा.

गंजी रचताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. गवत पुरते वाळलेले असले पाहिजे. ओलसर गवत घट्ट रचले, तर त्यात सूक्ष्म जीव वाढू लागतात आणि त्यांच्या क्रियेने आत उष्णता निर्माण होते. गवताच्या दाट थरांतून ती उष्णता सहज बाहेर पडत नाही. ती साठत जाते. आतले तापमान सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की गवतात रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात आणि कित्येकदा बाहेरची ठिणगी न लागताही गंजी आतून पेट घेते. म्हणून जाणते शेतकरी नव्या गंजीत हात खुपसून ती आत गरम तर होत नाही ना, हे पाहतात. आत गरम लागले किंवा कुबट वास आला, तर गंजी मोडून गवत पुन्हा वाळवितात. श्रम वाया जातात खरे, पण साठा वाचतो.

गंजीत किती वैरण आहे, याचा हिशेबही शेतकऱ्याच्या तोंडी असतो. कडब्याचा हिशेब पेंढीवर चालतो. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. वीस पाचुंदे म्हणजे शंभर पेंढ्या, म्हणजे एक शेकडा. समजा, एका बैलजोडीला दिवसाला दहा पेंढ्या लागतात. रब्बीची ज्वारी निघाल्यावर फाल्गुनात गंजी रचली आणि चैत्रापासून आषाढाच्या अखेरीपर्यंत तिच्यावरच भागवावयाचे, असे धरले, तर एकशेवीस दिवसांना बाराशे पेंढ्या हव्यात. बाराशे पेंढ्या म्हणजे दोनशे चाळीस पाचुंदे. रोज दहाऐवजी पंधरा पेंढ्या टाकल्या, तर तीच गंजी ऐंशी दिवसांत संपेल. ज्येष्ठाचा आरंभ होऊन वीस दिवस होतात न होतात, तोच गव्हाण रिकामी पडेल. आणि नेमके तेव्हाच शेतात नांगर आणि पाभर ओढावयाची असते. छत्रपतींनी छावणीतील कारकुनांना जो हिशेब ठेवावयास सांगितले, तोच हा हिशेब. घोडदळाचा असो की एका बैलजोडीचा, गणित एकच आहे.

हे गणित चुकले किंवा आभाळानेच दगा दिला, तर काय होते हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसांना धान्य मिळविणे जसे कठीण झाले, तसेच जनावरांना वैरण मिळविणेही कठीण झाले. पीकच आले नाही, तेव्हा गंजी कशाची रचणार? लेकराप्रमाणे वाढविलेली जनावरे शेतकऱ्यांना मिळेल त्या किमतीला विकावी लागली. २०१२-१३ च्या टंचाईतही राज्यात अनेक ठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि शेतकरी आपली जनावरे घेऊन तेथे मुक्कामाला राहिले. ज्या अंगणात गंजी उभी असते, तेथील माणसाला तिची किंमत कदाचित जाणवत नाही. ती रिकाम्या जागेकडे पाहताना जाणवते.

शब्दांच्या जगात कधीकधी दोन परके शब्द एकच रूप घेऊन येतात. त्यांच्यामुळे घोटाळा होऊ नये, म्हणून गंजीच्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांची ओळख करून घेणे बरे. अंगात घालावयाच्या बनियनलाही गंजी किंवा गंजीफ्रॉक म्हणतात. त्या गंजीचा गवताशी काही संबंध नाही. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्रात गर्नसी नावाचे बेट आहे. तेथील विणलेल्या सदऱ्यांवरून बेटाचे नाव कपड्याला मिळाले आणि ते बदलत बदलत आपल्याकडे गंजी झाले. सावंतवाडीचे रंगीत गोल पत्ते प्रसिद्ध आहेत, त्यांना गंजिफा म्हणतात. तो शब्द फारसीतून आला. लोखंडावर चढणारा गंज आणि स्वयंपाकघरातील पाणी तापविण्याचा गंज हेही आपापल्या ठिकाणी निराळेच. म्हणून शब्दाचे रूप पाहून अर्थ ठरवू नये, त्याचे वाक्य पाहून ठरवावा. ‘आईने गंजी धुऊन वाळत घातली’ आणि ‘बाबांनी गंजी रचून वर आच्छादन घातले’ या दोन वाक्यांत कोणती गंजी कोणती, हे सांगावे लागत नाही.

काही शब्दप्रयोगही गंजीभोवती जमले आहेत. अफाट पसाऱ्यात बारीकशी वस्तू शोधावयाची झाली, की ‘गवताच्या गंजीत सुई शोधणे’ असे आपण म्हणतो. हा प्रयोग इंग्रजीतून आपल्याकडे आला. पण गंजी आपल्या अंगणातलीच असल्यामुळे तो परका वाटला नाही. दोघांत भांडण लावून देणाऱ्याला ‘काडी लावणारा’ म्हणतात. वाळलेल्या गवताला काडी लावली तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या शब्दप्रयोगातील धग चटकन जाणवते.

आज शेतीची रीत झपाट्याने बदलत आहे. बैलांची जागा अनेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे. यंत्रे पेंढा दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतात. कडबाकुट्टी यंत्राने वैरणीचे बारीक तुकडे होतात. हिरवा चारा हवाबंद पिशव्यांत मुरवून त्याचा मुरघास करतात. हे बदल उपयोगाचे आहेत आणि त्यांनी कष्टही वाचले आहेत. पण वस्तू बदलली की तिचे नाव हळूहळू विस्मरणात जाते. लहळी गेली, तशी उद्या वळई जाईल, बुचाड जाईल, पाचुंदाही जाईल. शब्द वाचविण्यासाठी कोणी जुनी रीत धरून बसावे, असे नाही. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या गावचे असे चार शब्द वहीत टिपून ठेवणे कोणालाही अवघड नाही. गावी गंजीला काय म्हणत, ती कोण रचीत असे, पेंढ्या कशा मोजत, हे आजीआजोबांना विचारले, तर ते आनंदाने सांगतील.

असा एक शब्द हाती लागला की त्याच्यामागून किती गोष्टी येतात, हे ‘लहळी’ने दाखवून दिले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात हा शब्द नसता, तर पत्र थोडे सोपे झाले असते, एवढेच. पण तो शब्द समजला, की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. पावसाळा तोंडावर आला आहे, वारा सुटला आहे, छावणीत गवताच्या लहळ्या ओळीने उभ्या आहेत, शेजारी घोडी बांधलेली आहेत आणि कोणाच्या तरी बेसावधपणाने एक दिवा जळत राहिला आहे. त्या गवतावर घोडी जगणार होती. घोड्यांवर स्वार बसणार होते. आणि साठा संपला किंवा जळाला, तर त्याची झळ प्रथम शेजारच्या गावातील गरीब कुणब्याला बसणार होती. राज्य तलवारीने मिळविता येते, पण ते राखण्यासाठी गवताच्या काडीचीही काळजी घ्यावी लागते, हे त्या पत्र लिहिविणाऱ्या राजाला ठाऊक होते.